रेल्वे नदीपलीकडून गेली

“चौदा?” आई फोनवर म्हणाली. “आपल्या वाड्यात याहून जास्त माणसं होती रे.”

सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेआठ. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन उभा होतो. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली ज्वारी. हो, ज्वारीच. इथं तिला मायलो म्हणतात. आपल्यासारखी डोक्यावर जाणारी नाही, कमरेएवढी, लालसर कणसांची. भाकरीसाठी नाही, बहुतेक गुरांच्या खाद्यासाठी पिकवतात. ज्वारीपलीकडे सपाट जमीन आणि आभाळ. या गवताळ प्रदेशाला प्रेअरी म्हणतात हे आपण शाळेत भूगोलात पाठ केलेलं असतं. पण लांबवर दिसणारं धान्याचं उंच कोठार गाडीच्या काचेत पंधरा मिनिटं दिसत राहतं आणि तरी जवळ येत नाही, हे काही पुस्तकात नव्हतं.

“मग बघायला काय आहे तिथं?” आईनं विचारलं.

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर.

गावाचं नाव निकोडेमस. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्येला, ग्रॅहम काउंटीत. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १४. जुन्या इमारती पाच. आणि हे गाव अमेरिकेचं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. ग्रँड कॅन्यन आणि यलोस्टोन सांभाळणारी नॅशनल पार्क सर्व्हिसच इथंही आहे.

मी राहतो कॅन्सस सिटीजवळ, तिथून पाच तास. पण तिथं जायचं डोक्यात आलं ते इतिहासामुळे नाही, माझ्या नोकरीमुळे.

एक ओळ कोड

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमची टीम मालवाहू गाड्यांचे रस्ते ठरवणारा प्रोग्रॅम लिहिते. कोणती गाडी कुठून निघेल, कुठं थांबेल, किती डिझेल जळेल. प्रत्येक गाव म्हणजे आमच्यासाठी नकाशावरचा एक ठिपका, आणि त्या ठिपक्याला एक आकडा: रोज सरासरी किती पार्सलं.

मागच्या वर्षी मी त्यात एक अट घातली. आकडा अमुक एका मर्यादेखाली असेल, तर त्या ठिपक्यावर गाडी रोज पाठवायची नाही, आठवड्यातून एकदा पाठवायची. डिझेलचा खर्च चांगलाच उतरला. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं.

दोन महिन्यांनी एक तक्रार फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. कुणाचं तरी औषधाचं पार्सल सहा दिवस उशिरा पोचलं होतं. पत्ता कॅन्ससच्या पश्चिमेकडचा. मी नकाशा उघडला. ते गाव निकोडेमस नव्हतं, पण झूम करताना शेजारी हे नाव दिसलं. बायबलमधलं नाव, आजूबाजूला काहीच नाही, आणि तरी राष्ट्रीय स्थळाची खूण. मग मी वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आलं की मी लिहिली तशीच एक अट या गावाला १८८८ मध्ये लागली होती.

धूर आला तेच गाव

सुरुवात होते १८७७ मध्ये. गुलामगिरी संपून जेमतेम बारा वर्षं झाली होती. केंटकी राज्य यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं राहिलं, म्हणून लिंकनची १८६३ ची मुक्तीची घोषणा तिथं लागूच झाली नव्हती. तिथले गुलाम कायद्यानं मोकळे झाले ते डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीनंतर. पण मोकळं होणं आणि मालक होणं यांत फार अंतर होतं. दक्षिणेत बहुतेकांच्या नशिबी जुन्याच मालकाच्या शेतात अर्धेलीनं राबणं आलं. त्यातच १८७७ मध्ये केंद्र सरकारनं दक्षिणेतलं उरलंसुरलं सैन्य मागे घेतलं. कृष्णवर्णीयांच्या मताला, जमिनीला, जिवाला जे काही संरक्षण होतं ते गेलं.

पश्चिमेला मात्र जमीन मिळत होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार किरकोळ शुल्क भरून १६० एकरांवर दावा करायचा, पाच वर्षं तिथं राहून ती कसायची, की जमीन तुमची. कायद्यात रंगाची अट नव्हती. डब्ल्यू. आर. हिल हे गोरे जमीन-व्यावसायिक आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी आणखी काही जणांना घेऊन एक नगर-कंपनी काढली. सात संस्थापकांपैकी सहा कृष्णवर्णीय होते. केंटकीतल्या चर्चमधून पत्रकं वाटली गेली: कॅन्ससला चला, आपलं स्वतःचं गाव वसवू.

सप्टेंबर १८७७ मध्ये केंटकीहून साधारण तीनशे माणसं निघाली. एलिस या स्टेशनापर्यंत रेल्वेनं, पुढे चालत. पोचल्यावर बघतात तर गाव नाहीच. प्रेअरीवर झाडं नाहीत, त्यामुळे लाकूड नाही, त्यामुळे घरं नाहीत. आधी आलेले लोक जमिनीत बिळं खोदून राहत होते. टेकाडाच्या उतारात खणायचं, वर काटक्या आणि गवताची ढेकळं रचायची, चुलीचा पाइप वर काढायचा. कित्येक कुटुंबं तिथूनच मागे फिरली.

विलियाना हिकमन १८७८ मध्ये नवऱ्याबरोबर आल्या. त्यांनी पुढे सांगून ठेवलेली आठवण या गावाच्या प्रत्येक इतिहासात येते. प्रवासात त्या आजारी होत्या. पुढे चाललेले पुरुष ओरडले की निकोडेमस आलं. त्यांनी उठून पाहिलं तर काहीच दिसेना. कुठाय, म्हणून विचारलं. नवऱ्यानं जमिनीतून वर येणाऱ्या धुराकडे बोट केलं. ते बघून त्यांना रडू फुटलं.

पण त्या राहिल्या.

पहिला हिवाळा कसा निघाला असेल याची कल्पना मला ऑक्टोबरातल्या वाऱ्यात उभं राहून जराशी आली. बैल-घोडे जवळजवळ नव्हते. पहिल्या वर्षी कुदळ-फावड्यानं जमीन उकरली. जळणाला वाळलेलं शेण आणि सूर्यफुलाची धाटं. अमेरिकेत आल्यावर गोवऱ्यांची गोष्ट वाचायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. पुरुष मजुरीसाठी रेल्वेच्या कामावर लांब लांब जायचे. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी त्या हिवाळ्यात आपल्याजवळचं मांस वाटून दिलं, असं गावात पिढ्यान् पिढ्या सांगतात.

इथं थांबायला हवं. ओसेज लोकांना अवघ्या काही वर्षांपूर्वी सरकारनं कॅन्ससमधून हलवून दक्षिणेला धाडलं होतं. ‘फुकट जमीन’ फुकट कशी झाली याचं उत्तर हेच आहे. ज्यांची जमीन गेली त्यांनी, ज्यांना कधी जमीन मिळालीच नव्हती त्यांना जगवलं. निकोडेमसचा इतिहास सांगताना हा धागा सोडून चालत नाही.

दहा वर्षांत

पुढची दहा वर्षं वाचताना थक्क व्हायला होतं. झेड. टी. फ्लेचर पोस्टमास्तर झाले, त्यांच्या पत्नी जेनी फ्लेचर शिक्षिका. त्यांच्या सेंट फ्रान्सिस हॉटेलात एका काळी मुक्काम, टपाल आणि शाळा अशी तिन्ही कामं चालायची. काउंटीतला पहिला शाळा-जिल्हा निकोडेमसचा. गुलामगिरीत ज्यांना लिहायला-वाचायला शिकण्याची चोरी होती, त्यांनी बिळातून बाहेर येताच आधी शाळा काढली.

१८८० च्या दशकाच्या मध्याला गावात दगडी आणि लाकडी घरं होती, किराणा-कापडाची दुकानं, औषधाचं दुकान, बँक, हॉटेलं, चर्च, बेसबॉलचा संघ, बँड. दोन वर्तमानपत्रं निघाली: १८८६ मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि १८८७ मध्ये ‘निकोडेमस एंटरप्राइझ’. गावात येऊन वसलेले एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये कॅन्सस राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले आणि १८८४ मध्ये पुन्हा. राज्यपातळीच्या पदावर कृष्णवर्णीय माणूस, तोही मतदानानं.

आता एकच गोष्ट हवी होती, रेल्वे.

नदीच्या त्या काठानं

त्या काळातल्या प्रेअरीवर रेल्वे म्हणजे आजचं इंटरनेट, महामार्ग आणि बाजार समिती, तिन्ही एकदम. गहू पिकवला तरी तो स्टेशनापर्यंत बैलगाडीनं न्यायचा तर नफा वाटेतच संपायचा. स्टेशन आलं की धान्याचं कोठार येणार, व्यापारी येणार, जमिनीचा भाव चढणार. स्टेशन शेजारच्या गावाला मिळालं की तुमचा बाजार उठणार. गावाचं भविष्य एका रेघेवर ठरायचं.

आणि ही रेघ गावांनी विकत घ्यायची असायची. कंपन्या गावांना झुलवत ठेवायच्या आणि गावं कर्जरोखे काढून पैसे देऊ करायची. १८८७ मध्ये निकोडेमसनं मिसूरी पॅसिफिक रेल्वेसाठी १६,००० डॉलरचे कर्जरोखे मतदानानं मंजूर केले. दहा वर्षांपूर्वी बिळात राहिलेल्या माणसांनी. युनियन पॅसिफिकचीही बोलणी चालली होती. वर्तमानपत्रांतून उत्साह ओसंडत होता.

मिसूरी पॅसिफिकशी जमलं नाही. युनियन पॅसिफिकनं १८८८ मध्ये रूळ टाकले ते सॉलोमन नदीच्या दक्षिण काठानं, गावापासून काही मैलांवरून. तिथं रेल्वे कामगारांचा तळ पडला. निकोडेमसचे दुकानदार एकेक करून नदी ओलांडून त्या तळाकडे गेले. त्या तळाचं पुढे बोग हे गाव झालं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोक्यात लगेच खलनायक शोधायला लागलो होतो. पण रूळ कुठून न्यायचे हे ठरवणारा जो कुणी इंजिनिअर असेल, त्यानं काय केलं असेल हे मला फार नीट कळतं. उतार मोजला असेल, पुलाचा खर्च मांडला असेल, जमिनीचे भाव, पुढच्या स्टेशनाचं अंतर. वहीत दोन आकडे आले असतील आणि त्यानं लहान आकड्याखाली रेघ ओढली असेल. गाव कृष्णवर्णीयांचं नसतं तर ती रेघ सरकली असती का, याचं उत्तर त्या आकड्यांत सापडत नाही. आकड्यांची हीच तर सोय असते. त्यांच्याकडे बोट दाखवता येतं.

मेलेल्या गावानं काय बांधलं

व्यापाराच्या हिशेबानं निकोडेमस १८८८ मध्ये संपलं. मॅकेबही पुढे ओक्लाहोमाला गेले. १९३० च्या दशकात मंदी आली, दुष्काळ आला, धुळीची वादळं आली, टोळ आले. शेतकरी उठून शहरांकडे गेले. १९५० मध्ये गावात १६ माणसं राहत होती. १९५३ मध्ये पोस्टही बंद झालं.

हा उताराचा आलेख डोक्यात घेऊनच मी गावात शिरलो. मुख्य रस्ता आहे, पण त्यावर कुणी नव्हतं. एक कुत्रं आलं, माझ्याकडे बघून परत गेलं. टाउनशिप हॉलमध्ये पार्क सर्व्हिसचं माहिती केंद्र आहे. चुनखडीच्या दगडाची बसकी इमारत. आत फोटो, जुन्या वस्तू, आणि कुणीतरी आलं म्हणून मनापासून आनंद झालेल्या रेंजरबाई. त्यांनी हातात एक नकाशा दिला आणि म्हणाल्या, पाचही इमारती चालत बघून या, अर्धा तास पुरे.

मी नकाशा घेऊन फिरलो. सेंट फ्रान्सिस हॉटेल, साधारण १८८० च्या सुमाराचं. एएमई चर्च, १८८५. फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च, १९०७. शाळा, १९१८. आणि जिथून निघालो तो टाउनशिप हॉल, १९३९.

चौथ्या इमारतीसमोर उभा असताना लक्षात आलं. पाचपैकी तीन इमारती रेल्वे निघून गेल्यानंतरच्या आहेत.

ज्या गावाचा बाजार १८८८ मध्ये उठला, त्यानं एकोणीस वर्षांनी चर्च बांधलं, तीस वर्षांनी शाळा बांधली. आणि १९३९ मध्ये, माणसं धुळीच्या वादळांनी हाकलली जात असताना, सरकारच्या रोजगार योजनेतून मजुरी मिळाल्यावर गावानं काय उभारलं? सगळ्यांनी एकत्र बसायचा हॉल. रिकामं होत चाललेल्या गावात एवढा मोठा हॉल कशाला, असं माझ्या प्रोग्रॅमनं विचारलं असतं. तो हॉल फक्त तिथं राहणाऱ्यांसाठी नव्हताच.

कारण १८७८ पासून या गावाची एक रीत आहे. १ ऑगस्ट १८३४ ला ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीजमधली गुलामगिरी संपली, त्या दिवसाची आठवण म्हणून गावात मुक्तीचा उत्सव सुरू झाला. झाडीत जेवणावळी, बेसबॉल, गाणी, भाषणं. गाव सोडून गेलेले त्या दिवसांत परत यायला लागले. हळूहळू त्याचं नाव पडलं होमकमिंग, म्हणजे घरी येणं. आजही जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी डेन्व्हर, टोपेका, कॅलिफोर्निया, कुठून कुठून शेकडो माणसं येतात. पहिल्या वस्तीची आडनावं तीच: स्विट्झर, अलेक्झांडर, बेट्स, विल्यम्स. मिरवणूक निघते, चर्च भरतं, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. वर्षभर कुलूप असलेल्या घरांच्या अंगणात जत्रेच्या आदल्या रात्री चुली पेटतात, मुंबई-पुण्याच्या पासिंगच्या गाड्यांनी गल्ली भरते, आणि जनगणनेत नसलेलं गाव दोन दिवस उभं राहतं. तसंच हे.

हे नुसतं हळवेपण नाही, त्याचा व्यवहारी परिणामही झाला. व्हेरिल स्विट्झर यांचं उदाहरण घ्या. १९३२ मध्ये निकोडेमसमध्ये जन्मलेला हा मुलगा कॅन्सस स्टेट विद्यापीठातून फुटबॉल खेळला. १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सनं त्याला पहिल्या फेरीत, एकूण चौथ्या क्रमांकावर निवडलं. पण निकोडेमसशी नातं तुटलं नाही. अँजेला बेट्स यांनी १९८८ मध्ये निकोडेमस हिस्टॉरिकल सोसायटी उभी केली, कागद-फोटो-आठवणी जमवल्या आणि सरकारदरबारी पाठपुरावा केला. १९७६ मध्येच गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला होता. नोव्हेंबर १९९६ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं. यादवी युद्धानंतर मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीयांनी वसवलेली कितीतरी गावं होती. त्या काळातलं आजही जगतं आहे असं हेच.

ते नुसतं स्मारक झालं असतं तरी मोठी गोष्ट होती. पण आजूबाजूची काही जमीन आजही पहिल्या वस्तीच्या वंशजांकडे आहे. याचं मोल कळायला दोन आकडे पुरतात. १९२० मध्ये अमेरिकेत सुमारे सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ते पन्नास हजारांच्याही खाली आहेत. बाकीच्यांची जमीन कर्जात, वारसाच्या वादांत, भेदभावात गेली. त्या उतारात निकोडेमसच्या शेताचा एकेक तुकडा म्हणजे कुणीतरी घट्ट धरून ठेवलेली गोष्ट आहे.

आणि ज्या बोगला रेल्वे मिळाली? तिथं आज दीडशेच्या आसपास माणसं राहतात. परतताना मी तिथून गेलो. साधं, नीटस गाव आहे. निकोडेमसच्या दहापट लोकवस्ती. पण पाच तास गाडी चालवून ते बघायला कुणी येत असेल असं वाटलं नाही.

यादी

सोमवारी मी ऑफिसात ती फाइल उघडली. अट काढून टाकली, असं लिहायला मला आवडलं असतं. तशी काढता येत नाही. डिझेलला खरंच पैसे पडतात, आणि अट घालणाऱ्यापेक्षा ती मान्य करणारे जास्त असतात. मी एवढंच केलं की दर आठवड्याच्या अहवालात एक रकाना वाढवला. अटीमुळे गळलेल्या ठिकाणांची तिथं नुसती संख्या यायची, आता नावं येतात. आणि औषधांच्या पार्सलांना ती अट लागू होऊ नये अशी दुरुस्ती सुचवली. ती मंजूर झाली. नावांच्या रकान्याबद्दल मात्र मॅनेजरनं विचारलं, याचा उपयोग काय? मी म्हणालो, गळतंय कोण ते वाचता तरी येईल.

यादी लांब आहे. मी दर सोमवारी ती वरपासून खालपर्यंत वाचतो. त्यातल्या कुठल्या गावात कुठल्या महिन्यात हॉल भरतो ते मला माहीत नाही, आणि आमच्या डेटाबेसमध्ये त्यासाठी रकानाही नाही.

रविवारी आईला फोन करून सगळं सांगितलं. बिळं, धूर, रेल्वे, पाच इमारती, जुलैतली गर्दी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“अरे, मग जुलैत जायचं ना,” ती म्हणाली. “जत्रा सोडून गेलास तर कोण भेटणार तुला?”